मेलेले जनावर कोणाचे?

पोळा होऊन आठ दिवस होत नाहीत तोच एखाद्या घरचा म्हातारा बैल गोठ्यात बसतो आणि उठतच नाही. परवा ज्याच्या शिंगांना रंग लावला, ज्याला पुरणपोळी भरवली, तो असा मान टाकून पडलेला पाहवत नाही. मग डॉक्टरांना बोलावणे जाते, कळ थांबावी म्हणून इंजेक्शन दिले जाते. तरी दोन दिवसांनी बैल जातो आणि चौघे मिळून त्याला गावाबाहेर नाल्याकाठी टाकून येतात. यात कोणाचे काय चुकले? काहीच नाही. उलट मुक्या जीवावर दयाच केली. आज आपण या दयेविषयीच थोडे बोलू.

आपल्यातील पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल, नाल्याकाठी ढोर पडले की आभाळात आधी एक ठिपका दिसायचा, मग दहा, मग मोजता येणार नाहीत इतके. गिधाड भक्ष्य शोधते ते वासाने नव्हे, नजरेने. एक खाली उतरले की दूरवरचे दुसरे त्याला पाहून येते. काही तासांत हाडे तेवढी उरायची. सडक्या मांसातले रोगजंतूही त्याच्या पोटातल्या तीव्र आम्लात बहुतेक मरून जातात. आता तेच ढोर आठ-आठ दिवस सडते, वारा फिरला की दारे लावावी लागतात, आणि त्यावर पोसलेल्या कुत्र्यांच्या टोळ्या संध्याकाळी शाळेच्या वाटेवर उभ्या असतात.

१९९० नंतर दीड दशकात आपल्या देशातील तीन जातींची गिधाडे शंभरातली सत्त्याण्णव वा त्याहून अधिक नाहीशी झाली. कारण २००४ मध्ये उघड झाले. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेले जनावर थोड्याच दिवसांत मेले आणि त्याचे मांस गिधाडाने खाल्ले, तर त्याचे मूत्रपिंड बंद पडते व ते मरते. आणखी एक हिशेब आम्हाला फार बोचतो. एवढ्या संहाराला शंभर मृत जनावरांमागे एकाच्याही शवात हे औषध असण्याची गरज नव्हती, त्याहून कमी प्रमाण पुरेसे होते. मोठ्या गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. गेलेले भरून निघणार कसे?

मग बैलाची कळ थांबवणाऱ्या शेतकऱ्याने पाप केले का? धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण शिकलो की, गंभीर पाप घडायला पूर्ण जाणीव लागते आणि संमतीही. त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही नव्हते. तेव्हा दोष नाही. पण सरकारने २००६ मध्ये हे औषध जनावरांसाठी बंद केले, मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय पुढे आला. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या म्हणून २०१५ मध्ये तीन मिलिलिटरहून मोठी बाटली बंद झाली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली. आता ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणणारा आणि २००४ पूर्वीचा अजाण माणूस एकाच पायरीवर उभे नाहीत. कधीकधी अज्ञान म्हणजे नुसता विचारण्याचा कंटाळा असतो.

आणि एवढी गिधाडे जाईपर्यंत आपले लक्ष का गेले नाही? आम्हाला वाटते, तिरस्कारामुळे. लेवीय पुस्तकात गिधाड अशुद्ध पक्ष्यांत मोजले आहे; आपल्या बोलीत तर ती शिवीच आहे. गावांनी याहून वाईट केले. मेलेली ढोरे ओढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या माणसांवरच लादले, त्या कामावाचून गावाचे चालत नव्हते, तरी विटाळ त्यांचाच मानला. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले, ते योग्यच होते. माणसाची पक्ष्याशी तुलना आम्ही करीत नाही. आम्ही बोलतो ते गावाच्या नजरेबद्दल. घाण आपली आणि ती निस्तरणारा मात्र घाणेरडा, ही ती नजर.

हिवरखेडहून उत्तरेला पाहिले की सातपुडा दिसतो. तिकडेच वानचे जंगल आहे, १९७४ मध्ये सुरू झालेल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. जंगलालगत गुरे चारणाऱ्याला दयेचा उपदेश करणे सोपे नाही. दुभती गाय वाघाने नेली की घरातले दूध जाते, मुलांच्या फीचे पैसे जातात. पंचनामा होईपर्यंत शव हलवायचे नाही, भरपाईची वाट पाहायची. अशा वेळी रागाच्या भरात कोणी त्या शवावर विष टाकतो. जानेवारी २०२१ मध्ये नागपूरकडील उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एक वाघीण व तिची पिल्ले अशीच मेली. त्या शेतकऱ्याचा राग आम्हाला कळतो. पण विष गुन्हेगार पाहून चढत नाही. वाघ उठून गेल्यावर त्या शिकारीवर कोल्हा येतो, तरस येते, रानडुक्कर येते, कावळे येतात.

वाघ मारतो म्हणून तो दुष्ट, असे मात्र म्हणता येणार नाही. तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्विनास यांनी, माणसाच्या पापापूर्वी हिंस्र पशू गवत खात होते ही कल्पना नाकारली. माणसाच्या पापाने पशूचा स्वभाव बदललेला नाही, असे त्यांचे म्हणणे. एकशे चारावे स्तोत्र तर सिंहाची डरकाळी ही देवाजवळ केलेली अन्नाची मागणी समजते. मग ते अन्न, म्हणजे मेलेले जनावर, केवळ आपल्या मालकीचा कचरा कसे राहील? बैल जिवंत असेतो आपला. डोळे मिटल्यावर त्याच्यावर इतरांचाही वाटा चढतो, आणि त्याच्या अंगात आपण काय घालून ठेवले हे त्यांना विचारता येत नाही.

हरियाणातील पिंजोर येथे पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडे २०२४ मध्ये पेंच व ताडोबाला, आणि २०२५ मध्ये आपल्या मेळघाटातही आणण्यात आली. खुले गिधाड दिवसात शंभर किलोमीटर सहज फिरते. मेळघाट ते हिवरखेड हे अंतर त्याच्या लेखी काहीच नाही. पुढच्या वेळी बैल बसला आणि डॉक्टरांनी पिशवी उघडली, की बाटली हातात घेऊन नाव वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला वाचायला सांगा.