देव विश्वासू आहे म्हणजे काय?



नोव्हेना झाली, मेणबत्त्या लावल्या, नवस बोलला, तरी आजारी माणूस गेला. अशा घरी गेलो की एक प्रश्न हमखास कानी पडतो, "फादर, आमचं कुठं चुकलं?" काही जण तोही विचारत नाहीत, हळूहळू मिस्साला यायचे बंद होतात. दोघांच्याही मनात हिशेब एकच. आम्ही आमचे केले, देवाने त्याचे केले नाही.

हा हिशेब मुळातून तपासायला हवा. एखाद्याला आपण विश्वासू म्हणतो ते त्याने दिलेला शब्द पाळला म्हणून, आपली इच्छा पुरवली म्हणून नव्हे. मग देवाने शब्द कोणता दिला आहे? संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा शेवट काढून पाहा. पुनरुत्थित प्रभू तेथे शिष्यांना आरोग्य, पैसा, दीर्घायुष्य यांतले काहीच देऊ करीत नाही. तो वचन देतो ते स्वतःच्या सोबतीचे, काळाच्या अंतापर्यंतच्या.

'नुसती सोबत काय कामाची?' असे कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. गाब्रिएल मार्सेल हा फ्रेंच तत्त्वज्ञ १९२९ साली कॅथलिक झाला. पहिल्या महायुद्धात तो रेडक्रॉसतर्फे बेपत्ता सैनिकांचा शोध घेऊन त्यांच्या घरच्यांना कळवण्याचे काम करी. पुष्कळदा बातमी वाईटच असे. पुढे त्याने सातत्य आणि निष्ठा यांत फरक केला. आजाऱ्याला रोज भेटायला येणारा माणूस केवळ कर्तव्य म्हणून येत असेल, तर आजाऱ्याला ते बरोबर कळते. खरोखर जवळ असणे ही वेगळीच गोष्ट आहे, आणि ती औषधाच्या यादीत नसते.

निर्गमच्या १७व्या अध्यायात अमालेकींशी लढाई चालू असताना मोशेचे उंचावलेले हात थकतात. अहरोन आणि हूर त्याला बसायला दगड देतात, दोन्ही बाजूंनी हात धरतात आणि सूर्यास्तापर्यंत ते हात स्थिर राहतात. या स्थिरतेसाठी मूळ हिब्रूत 'एमूना' हा शब्द आहे. देवाच्या विश्वासूपणासाठीही बायबल हाच शब्द वापरते. ख्रिस्तशरीर स्वीकारताना आपण म्हणतो ते 'आमेन' त्याच धातूतले. विश्वास म्हणजे मनात दाटून येणारी भावना, असे आपण समजतो. येथे तो थकलेल्या हातांचा गुण आहे. आणि हात थकले म्हणून मोशेला कुणी बोल लावलेला नाही.

ज्यांना प्रार्थनाच नकोशी झाली आहे, त्यांनी ८८वे स्तोत्र वाचावे. ते शेवटपर्यंत अंधारातच राहते. तरीही ख्रिस्तसभेने शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ते ठेवले आहे. तक्रार करायलाही समोर कुणीतरी असावे लागते. याने देव सिद्ध होत नाही, हे तत्त्वज्ञान शिकलेला माणूस म्हणून मान्य करतो. पण त्या स्तोत्रकर्त्याने बोलणे सोडले नाही, हेही खरे.

म्हणून दुःखाच्या घरी जाताच 'देवाची इच्छा' म्हणण्याची घाई करू नका. अहरोन आणि हूर यांनी मोशेला उपदेश केला नव्हता. महिना उलटला की सांत्वनाला येणाऱ्यांची पावले थांबतात, तेव्हा जा. चहा घ्या, थोडा वेळ बसा. आपल्या आळीत असे घर कोणते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.