पहिला मासा

एखादी जागा स्वच्छ दिसते म्हणून ती जिवाला राहण्याजोगी झाली, असे म्हणता येईल काय? काचेची मत्स्यपेटी हौसेने घरी आणणाऱ्या कुटुंबापुढे हा प्रश्न उभा राहतो. पाणी नितळ असते, मुले उतावीळ झालेली असतात आणि मासे त्याच सायंकाळी पाण्यात सोडले जातात. पुढे काही दिवसांतच ते एकामागून एक मरू लागतात.

याचे कारण डोळ्यांना दिसत नाही. माशांचे उत्सर्जन व उरलेले खाद्य यांतून पाण्यात अमोनिया साठतो आणि तो कल्ले जाळतो. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती खुंटते. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते त्या मानाने सौम्य असते. काही पाणवनस्पती शोषून घेतात, उरलेले पाणी बदलताना निघून जाते. ही दोन कामे वेगवेगळ्या जिवाणूंची आहेत, हे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले. आपल्या मौद्याजवळून वाहणाऱ्या कन्हानसारख्या नदीच्या वाळूत व गोट्यांवर असे जिवाणू मुळातच वसलेले असतात. नव्या पेटीत त्यांची वस्ती होण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात.

नीतीचा प्रश्न येथे सुरू होतो. जिवाणूंना वाढण्यासाठी अमोनिया हवा, म्हणून प्रथम एकदोन स्वस्त, काटक मासे सोडावेत, अशी जुनी रीत आहे. ते जगले तर उत्तम; मेले तर दुसरे आणावेत आणि पाणी तयार झाले की मग किमती, सुंदर मासे आणावेत. ही रीत फसत नाही. जिवाणू खरोखरच वसतात. परंतु त्या तयारीची किंमत कोणी मोजली? ज्याला त्या पाण्याचा पुढे फारसा लाभ नाही, त्या पहिल्या माशाने.

कोणी म्हणेल, आपण मासे खातोच. मग एका माशाचे एवढे काय? परंतु अन्नाची गरज निराळी आणि आपली घाई निराळी. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २४१८) प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला सोडून आहे, असे सांगितले आहे. येथे तर दुसरा मार्ग उपलब्ध आहे. रिकाम्या पेटीत चिमूटभर खाद्य कुजू द्यावे किंवा मोजून अमोनिया घालावा. शेजाऱ्याच्या जुन्या, निरोगी पेटीतील गाळणीचा स्पंज मिळाला तर काळ कमी होतो. अमोनिया घातल्यावर तो व नायट्राइट दोन्ही एका दिवसात शून्यावर येऊ लागले, की पाणी बदलून मासे आणावेत. मत्स्यशेती करणारेही तळ्यात चुना व शेण घालून काही दिवस थांबतात आणि मगच मत्स्यबीज सोडतात. या थांबण्याला कोणी आळस म्हणत नाही.

तयारीची किंमत चुकत नाही. ती कोणी द्यायची एवढेच आपल्या हाती असते. आपण थांबलो नाही, तर ती दुबळ्यावर पडते. म्हणून धीर हा केवळ शोभेचा सद्गुण नसून न्यायाचा भाग आहे.

आपल्या घरांकडे पाहा. सून येण्यापूर्वी घराने आपल्या सवयी, आपले बोलणे तपासलेले असते काय? की तिनेच सारे सोसावे, घर हळूहळू सुधारेल आणि धाकट्या जावेला सुख लाभेल, असा आपला हिशेब असतो? थोरल्या मुलावर सारा कडकपणा वापरून झाल्यावर धाकट्याच्या वेळी शहाणे होणारे आईवडीलही आपल्यातच आहेत. “तिने निभावून नेले,” असे आपण कौतुकाने म्हणतो. परंतु निभावणे म्हणजे जगणे नव्हे. काटक मासाही निभावतोच, जळलेल्या कल्ल्यांनी.

कोणाला आपल्या घरात बोलावण्यापूर्वी त्याच्यासाठी आपण किती दिवस थांबलो, हे स्वतःला विचारावे. त्या रिकाम्या, नितळ पेटीसमोर घालवलेले सहा आठवडे वाया गेले असे वाटते; परंतु पाहुण्याचे स्वागत त्याच दिवसांत घडलेले असते.