पुस्तकांचा पूर

फिजीच्या खेड्यातलं मूल घरी फिजियन बोलतं, नाहीतर गिरमिटिया पूर्वजांकडून आलेली हिंदी. १९८०च्या सुमाराला तिथे चौथीपासून शाळा इंग्रजीत भरे आणि इंग्रजी शिकवण्याची रीत ठरलेली असे. शिक्षकाने नेमलेली वाक्यं म्हणायची, मुलांनी ती घोकायची. अवांतर वाचायला पुस्तकं जवळपास नसतच.

वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई या संशोधकांनी आठ ग्रामीण शाळांतल्या चौथी-पाचवीच्या मुलांसमोर अडीचशे सचित्र, रंजक गोष्टींची पुस्तकं आणून ठेवली. काही वर्गांत मुलं रोज आपल्या आवडीचं पुस्तक उचलून मनातल्या मनात वाचत. काही वर्गांत शिक्षक गोष्ट मोठ्याने वाचत, पुढे काय होईल ते मुलांना विचारत. मग मुलं तिची चित्रं काढत, नाटुकलं बसवत. अशा ३८० मुलांची तुलना जुन्या पद्धतीने शिकणाऱ्या २३४ मुलांशी केली गेली. आठ महिन्यांत पुस्तकं मिळालेल्या मुलांची वाचून आणि ऐकून समजण्यातली प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली होती. दुसऱ्या वर्षाअखेर हा फायदा भाषेच्या इतर अंगांतही उतरला. हा प्रयोग ‘बुक फ्लड’ म्हणून ओळखला जातो.

पुस्तकं इतकी का लागतात?

शब्द एका भेटीत मुलाचा होत नाही. मेळघाटातल्या कोरकू मुलाला मराठी ही दुसरी भाषा. समजा, एका गोष्टीत त्याला वाक्य भेटलं: पोपट ढोलीतून डोकावला. चित्रात झाड आहे, पोपट आहे. ढोली म्हणजे पोपटाची जागा, एवढंच कळलं. तो घरटं समजला तरी गोष्ट अडत नाही. आठवड्याने दुसऱ्या पुस्तकात खार ढोलीत बिया लपवते. तिसऱ्यात पावसाचं पाणी ढोलीत साचतं आणि घरट्याची कल्पना गळून पडते. खोडातली पोकळी त्याने रानात कितीदा पाहिली आहे, तिला कोरकूत नावही आहे. आता मराठी नाव येऊन चिकटलं. पण दुसरी आणि तिसरी भेट लवकर व्हायला हवी, आणि वर्षभर पुरवून वापरलेलं एकच पाठ्यपुस्तक ती घडवू शकत नाही.

पुस्तकं सोपीही हवीत. मदतीशिवाय वाचून नीट समजायचं तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात, असं हू आणि पॉल नेशन यांच्या २०००मधल्या अभ्यासात दिसलं. ओळीओळीत अडखळणाऱ्या मुलाला संदर्भावरून अंदाज कसा बांधता येईल? म्हणून पाचवीतल्या मुलाच्या हाती दुसरीच्या पातळीची गोष्ट देण्यात कमीपणा मानणं चूक आहे. त्या वाचनाला वेळ वाया घालवणं म्हणणं तर अन्यायच आहे.

तरी पुस्तकं ठेवून शिक्षकाने बाजूला व्हावं, असा याचा अर्थ नाही. एली यांनीच न्यूझीलंडच्या शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग १९८९ साली प्रसिद्ध झाला. नुसती गोष्ट वाचून दाखवली तेव्हा चाचणीतल्या नव्या शब्दांत सुमारे १५ टक्क्यांची भर पडली. वाचता वाचता शिक्षकाने अर्थ सांगितला तेव्हा ती सुमारे ४० टक्क्यांपर्यंत गेली. ती मुलं इंग्रजी बोलणारीच होती, पण मेळघाटातल्या गुरुजींनाही हे करता येईल. चित्रातल्या पोकळीवर बोट ठेवायचं, तिचं कोरकू नाव मुलांनाच विचारायचं आणि लगेच पुढची ओळ वाचायची. गोष्टीची लय मोडेल इतकं थांबायची गरजच नसते.