बारा टोपल्या



लग्नसराई आली की लॉनवरील स्वागत समारंभात एक दृश्य हमखास दिसते. ताटे भरभरून वाढून घेतली जातात आणि निम्मे अन्न उष्ट्याच्या टबात पडते. मागे एका लग्नात आम्हीही ताटात भात टाकला. घरी परतल्यावर मनाला टोचणी लागली. त्याच सकाळी मिस्सा अर्पण करताना पवित्र भाकरीचा कणही वाया जाऊ नये म्हणून आम्ही तबकडी काळजीपूर्वक पुसली होती. हात तोच होता!

अन्न वाया का जाते? यजमानाला धास्ती असते, ‘कमी पडले तर लोक काय म्हणतील?’ पाहुण्याला वाटते, ‘नंतर मिळेल की नाही?’ घरी फ्रिजमध्ये मागे सरकलेली भाजी आपण विसरतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतीय घरांत दरवर्षी माणशी सुमारे ५५ किलो अन्न, साली-देठांसह, टाकले जाते. म्हणजे दिवसाला १५० ग्रॅम. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला मिळणारे धान्य माणशी महिन्याला ५ किलो, वर्षाला ६० किलो आहे. शिजलेले अन्न आणि धान्य एक नव्हे, हे खरे. तरीही हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

कोणी म्हणेल, ‘पैसे माझे, ताट माझे, कोणाचे काय बिघडले?’ संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच शिकवले की, गरजेहून अधिक जे आपल्याजवळ आहे त्यावर गरिबाचा हक्क असतो. पैसे मोजून मालकी मिळते, नासाडीचा अधिकार मिळत नाही. ‘मी भात संपवला म्हणून उपाशी माणसाचे पोट भरेल का?’ नाही भरणार. पण पातेल्यात उरलेले दुसऱ्याला देता येते. ताटात उरलेले कोणालाच देता येत नाही. ते कचऱ्यात जाते. आपल्या शहराचा कचरा भांडेवाडीला जातो. ढिगाखाली कुजणाऱ्या अन्नातून मिथेन वायू निघतो आणि दुर्गंधी तेथील वस्तीला सोसावी लागते.

प्रभू येशूने पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घातले. त्याला आणखी भाकरी करणे अवघड नव्हते. तरीही त्याने उरलेले तुकडे गोळा करायला लावले आणि बारा टोपल्या भरल्या. भरपूर आहे म्हणून टाकावे, हे त्याला मान्य नव्हते.

या आठवड्यात आपण थोडे वाढून घेऊ, लागले तर पुन्हा मागू. घरी कार्य असेल तर उरलेले अन्न ताजे असतानाच कोठे पोहोचवायचे, हे आदल्या दिवशीच ठरवू. सुरुवात आम्ही आमच्या ताटापासून करीत आहोत.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.