पिल्लू देवाच्या दारात सोडलं, म्हणजे आपण सुटलो का?

कुटुंबाच्या ग्रुपवर असा फोटो अधूनमधून येतो. देवळाच्या पायरीशी खोकं, त्यात मांजरीची दोन-तीन पिल्लं. खाली हात जोडल्याची चिन्हं, “बिचारे जीव”, “देव रक्षण करो”. “मी जाऊन राहिलो” असं मात्र क्वचितच कोणी लिहितं.

सोडणारा दुष्टच असतो असं नाही. घरात मांजर व्याली, इतकी पिल्लं सांभाळायची कशी, मारावं तर पाप. म्हणून तो ती देवाच्या दारात ठेवतो आणि म्हणतो, “देव पाहील.” हा देवावरचा विश्वास आहे, की आपलं ओझं देवाच्या नावावर टाकणं आहे?

एकनाथ महाराजांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड नाथांनी वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. देवाकडे चाललेलं पाणी त्यांनी मुक्या जीवाकडे वळवलं. आपण उलट करतो. आपल्याकडे आलेला जीव देवाकडे वळवून मोकळे होतो.

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात पोळ्याला बैलाची पूजा होते, त्याला पुरणपोळी चारतात. ते योग्यच आहे, वर्षभर तो आपल्यासाठी राबतो. पण ती कृतज्ञता झाली. गाय दूध देते, कुत्रा राखण करतो. आठ दिवसांच्या पिल्लानं आपल्याला काय दिलं? काहीच नाही. उलट मांजर आडवी गेली तर आपण अपशकुन मानतो. म्हणून दयेची खरी परीक्षा या पिल्लापाशी आहे. ऋण फेडणं संपतं, तिथून दया सुरू होते.

कोणी म्हणेल, “ज्याचं त्याचं प्रारब्ध.” हा शब्द स्वतःचं दुःख सोसताना वापरावा. दुसऱ्याची भूक पाहताना वापरला, तर ती पळवाट होते.

पण नुसता कळवळाही पुरत नाही, दयेला समज लागते. पिल्लं स्वच्छ असतील, शांत झोपली असतील, तर लगेच उचलू नका. आई अन्न शोधायला गेली असेल, किंवा एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलत असेल. दुरून काही तास लक्ष ठेवा. पण पोत्यात बांधून टाकलेली, थंड पडलेली किंवा सारखी ओरडणारी असतील, तर वाट पाहू नका. आधी ऊब द्या, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली जवळ ठेवा. अंग थंड असताना दूध पाजू नका. गाईच्या दुधानं त्यांना जुलाब लागतात, म्हणून पशुवैद्यांना विचारून पिल्लांचं दूध आणा. पाजताना उताणं धरू नका, पोटावर ठेवा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा.

मग घर शोधायचं. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं होऊ द्या. घेणाऱ्याला विचारा: घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का? गावाला गेले तर कोण पाहील? वेळ आली की नसबंदी कराल ना? ती झाली नाही, तर पुढच्या वर्षी तसंच खोकं पुन्हा कुठल्यातरी पायरीशी येईल. दिल्यावर महिनाभरानं एक फोन करा. आपल्या हातून गेलं एवढ्यानं काम संपत नाही, ते कुणाच्या तरी घरात रुळलं की संपतं.

जनावराला उपाशी मरायला सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. प्राणिमात्रांवर दया हे संविधानानं सांगितलेलं नागरिकाचं कर्तव्यही आहे. पण कायद्याच्या भीतीनं केलेल्या दयेला आपण साधना म्हणणार नाही.

प्रत्येकाला पिल्लू घरी ठेवता येणार नाही, आणि ती सक्तीही नाही. एकानं जाऊन आणावं, दुसऱ्यानं दोन रात्री सांभाळावं, तिसऱ्यानं दवाखान्यात न्यावं, चौथ्यानं घर शोधावं. आपल्या घरची मांजर असेल, तर तिची नसबंदी ही पहिली सेवा.

या आठवड्यात सायंकाळच्या प्रार्थनेनंतर लेकरांना जवळ बसवून हे वाचा आणि विचारा, “ज्याच्याकडून आपल्याला काहीच मिळणार नाही, अशा कोणासाठी आपण आज काय केलं?” त्यांचं उत्तर मोठ्यांनी नीट ऐकावं.

जय गुरु!