शांत जमिनीचं देणं

१९७२ साली मराठवाडा दुष्काळात होता. त्याच साली देशातल्या खगोलशास्त्रज्ञांची संघटना, ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया, स्थापन झाली. २०१६च्या फेब्रुवारीत केंद्राने लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी दिली. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. वेधशाळेची जागा नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ आहे. २०२३मध्ये तिला २,६०० कोटी मंजूर झाले.

‘आधी पाणी द्या, मग आकाश बघा,’ असं म्हणणाऱ्याला मला अडाणी म्हणवत नाही. पण वेधशाळा रद्द झाली म्हणून तो पैसा आपल्या नळाला येईल, असंही वाटत नाही. लातूरची तहान पाण्याच्या वाटपाशी आणि उसाशीही बांधलेली आहे.

मला खटकतं ते वेगळंच. चार किलोमीटर लांब भुजांमध्ये प्रोटॉनहूनही कितीतरी लहान बदल मोजायचा, तर आसपास कारखाने आणि जड वाहतूक नको. म्हणजे ज्याला आपण मागासलेपण म्हणत आलो, तोच इथे गुण ठरला. उद्या इथल्या पोरांनी जवळच कारखाना मागितला तर?

सोसायटीने लोकांपर्यंत विज्ञान नेण्यासाठी २०१४मध्ये समिती नेमली. ग्रहणाच्या भीतीविरुद्ध बोलणं हे तिचं सोपं काम. अवघड काम इथे आहे: नांदेड-लातूरच्या जिल्हा परिषद शाळांत मराठीतून बोलणं आणि पाण्याचा, रोजगाराचा प्रश्न आला की विषय न बदलणं. ज्यांच्या शांततेवर विज्ञान उभं राहतं, त्यांना उत्तर देणं हा उपकार नाही. ती उधारी आहे.