सुरीचें मूळ आणि विक्रेत्याची साक्ष

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यांत सौजन्य आहे आणि थोडी भीतिहि आहे. शोधतां शोधतां हातीं येईल तें आजच्या वैभवास शोभणारें नसेल, ही ती भीति. परंतु माणसांविषयीं सांगितलेला हा नियम वस्तूंनाहि लागू करावा काय? एका फार जुन्या सुरीच्या निमित्तानें या प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे.

ही सुरी पॅरिस येथील लूव्र संग्रहालयांत आहे. लांबी सुमारें २६ सेंटिमीटर. पातें पिवळसर, एकजिनसी चकमकीच्या दगडाचें आहे. त्याची एक बाजू घासून गुळगुळीत केली आहे, तर दुसरीवर पाण्यावरील लहरींप्रमाणें एकामागून एक समांतर कपचे काढलेले आहेत. मूठ कोरीव दाताची. काळ इसवी सनापूर्वीं ३५०० ते ३२०० च्या दरम्यानचा, म्हणजे मिसर देशांतील राजघराण्यांची गणना सुरू होण्याच्याहि पूर्वींचा. रोजच्या कामाच्या सुरीवर कोणी एवढे श्रम खर्चीत नाहीं. ही विधीची किंवा अधिकाराची वस्तु होती, हें कळावयास फारशा विद्वत्तेची गरज नाहीं.

लूव्रचे अधिकारी जॉर्ज बेनेदित यांनीं ती १९१४ च्या फेब्रुवारींत कैरोच्या एका व्यापाऱ्याकडून विकत घेतली. त्या वेळीं पातें आणि मूठ हीं वेगवेगळीं होतीं. तीं एकाच वस्तूचीं अंगें आहेत, हें विकणाराच्या ध्यानांतहि आलें नव्हतें. तीं एकत्र जोडण्यास १९३३ साल उजाडलें. व्यापाऱ्यानें ती कोठें सांपडली म्हणून सांगितलें? तर नाग हम्मादी गांवाजवळच्या जेबेल-एल्-अरक या ठिकाणीं. त्याच नांवानें ती आज जगांत ओळखली जाते. परंतु ती तेथली नसून अॅबिडॉसच्या प्राचीन स्मशानभूमींतून आलेली असावी, असें आतां अभ्यासकांचें मत आहे. तें खरें असेल तर जें नांव या सुरीस कायमचें चिकटलें, तीच तिच्याविषयींची पहिली खोटी साक्ष होय.

द्रव्याच्या बाबतींत मात्र वस्तूला खोटें बोलतां येत नाहीं. मूठ हत्तीच्या दाताची आहे अशी पूर्वीं समजूत होती. ती पाणघोड्याच्या सुळ्याची आहे असें पुढें ठरलें. हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदावर एकमेकींस छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. पाणघोड्याच्या दातांत ती नसते. व्यापारी कांहीं म्हणो, ग्रंथकार कांहीं लिहो, दात आपली जात लपवीत नाहीं.

मग सुरी कोठली हें ठरलें, असें कोणी म्हणेल. पण आतां मुठीवरील कोरीव काम पाहावें. एका बाजूस दोन सिंहांच्या मधें उभा असलेला एक दाढीवाला पुरुष आहे. त्याचा लांब झगा व डोक्यावरील पट्टा नाइलच्या काठचा नसून तैग्रिस-युफ्रातिसच्या काठचा आहे. दुसऱ्या बाजूस लढाई आणि नौका आहेत. दात पाणघोड्याचा, आणि कल्पना मेसोपोटेमियाची! कारागीर परदेशीय होता, कीं परदेशीय नमुना पाहिलेला स्थानिक होता, यावर पंडितांत वाद आहे. येथें ‘मूळ’ हा शब्दच डळमळूं लागतो. द्रव्याचें मूळ निराळें, आकाराचें निराळें, आणि ज्या हातांत ती शोभली त्या हाताचें आणखी निराळें. यांतील पहिलीं दोन डोळ्यांनीं आणि भिंगानें शोधतां येतात. तिसरें एक मातीच सांगूं शकली असती. सुरी कोणाच्या थडग्यांत होती, शेजारीं काय होतें, ती उजव्या हाताशीं होती कीं उशाशीं, हें सर्व ज्यानें खणलें त्यानें एका घटकेंत पुसून टाकलें. तो कोण, हेंहि आपणांस ठाऊक नाहीं.

तूतनखामेनच्या लोखंडी खंजिराशीं ताडून पाहिल्यास ही हानि केवढी आहे तें कळतें. त्याचें थडगें १९२२ मध्यें सांपडलें, आणि १९२५ मध्यें शवावरील वेष्टनें उलगडतांना उजव्या मांडीवर हा खंजीर मिळाला. जागा नोंदली गेली. पुढें २०१६ मध्यें इटलीच्या व मिसरच्या शास्त्रज्ञांनीं क्षकिरणांच्या साह्यानें पात्याची परीक्षा केली. तींत सुमारें ११ टक्के निकेल आणि थोडें कोबाल्ट आढळलें. लोखंड आकाशांतून पडलेल्या अशनीचें आहे असा निर्णय झाला. मितान्नीच्या राजानें तूतनखामेनच्या आजोबांस लोखंडी खंजीर भेट दिल्याचा उल्लेख अमार्ना येथील पत्रांत असल्यानें, तो परदेशांतून आला असावा असाहि एक तर्क आहे. तो टिको वा न टिको; त्याला उभें राहावयास जागा आहे, कारण पहिली नोंद खरी आहे. आपल्या जहांगीर बादशहानें तर १६२१ मध्यें जालंदरच्या बाजूस पडलेल्या अशनीच्या लोखंडांत साधें लोखंड मिसळून हत्यारें करविलीं, आणि ती हकीकत स्वतःच लिहून ठेविली. त्यांतील सुरी आज वॉशिंग्टनला आहे. तिचें कूळ शोधावयास कोणास कष्ट नाहींत.

बेनेदित यांनीं ती सुरी घेतली हें बरें केलें काय? ती त्यांनीं न घेती तर एखाद्या धनिकाच्या कपाटांत नाहींशी झाली असती, असें उत्तर नेहमीं दिलें जातें. तें अर्धेंच खरें आहे. ग्राहक एक वस्तु वांचवितो आणि त्याच पैशानें पुढच्या थडग्याच्या खणतीची मजुरी देतो. व्यापाऱ्याचें असत्य ग्राहकाच्या न विचारण्यावर पोसलेलें असतें. त्या काळीं मिसरांत हा व्यापार कायदेशीर होता, तो १९८३ मध्यें बंद झाला. म्हणून बेनेदित यांस गुन्हेगार म्हणतां येणार नाहीं. पण कायदा नसला म्हणजे प्रश्नहि नसतो, असें थोडेंच आहे?

आणि येथें त्या म्हणीकडे पुन्हा वळावें लागतें. माणसाचें कूळ विचारूं नये, कारण माणूस आपल्या वर्तनानें आपली साक्ष देऊं शकतो; कुळावरून त्याची किंमत करणें हा त्याच्यावर अन्याय आहे. वस्तूला वर्तन नाहीं. तिला जी कांहीं वाणी आहे ती तिच्या जागेची. ती जागा हरवूं देऊन मग तिच्या सौंदर्याचें कौतुक करीत बसणें मला पटत नाहीं. यांत वस्तूपेक्षां जिच्या उशाशीं ती ठेविली होती त्या मृत व्यक्तीचा अपमान अधिक आहे. कोणाच्या तरी आप्तांनीं ती तेथें बुद्धिपुरस्सर ठेविली होती.

सुरीचें नांव आतां बदलावें, असें मात्र मी म्हणणार नाहीं. शंभर वर्षांच्या ग्रंथांत तें रुळलें आहे. तिच्या जवळच्या पाटीवर ‘जेबेल-एल्-अरक’ या नांवापुढें ‘विक्रेत्याच्या सांगण्यावरून’ एवढे दोन शब्द ठळक अक्षरांत असावे.